बारा मिनिटांत लागलेलं लग्न

औंढा नागनाथ,
मंगळवार

ती. सूर्यकांतदादा यांस,

धाकट्या अनुसूयेचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण गुडघे एकदा दुमडले की ते उलगडायला शेजारून माणूस बोलवावा लागतो, तेव्हा उभ्यानं केलेलाच गोड मानून घ्या. तुमची तब्येत कशी आहे? रक्तदाबाची गोळी आपणहून घेता, की वहिनींनी तळहातावर ठेवेपर्यंत ती डबीतच राहते? वहिनींचा खांदा आता वर जातो का? तीळ गरम करून शेकायला सांगितलं होतं, ते त्यांनी ऐकलं नसणारच. इकडे सर्व क्षेम असे लिहायची आपल्याकडं पद्धत आहे. मी तसं लिहिणार नाही. तेव्हाच्या औरंगाबादेत कॉन्व्हेंटात शिकताना खोटं बोललं की सिस्टर लाकडी पट्टी उभी धरून बोटांच्या सांध्यांवर मारायच्या, त्याची आठवण सांध्यांना अजून आहे. इकडे क्षेम नाही. इकडे मी संतापलेली आहे, आणि तुमचा मुलगा शौनक हे त्याचं कारण आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण माझं तिसरं वाक्य आलं की तुम्ही "हं, वहिनीशी बोल" म्हणून मोकळे होता. (मग वहिनी मला खांद्याबद्दल सांगतात.) पत्र असं दुसऱ्याच्या कानाला लावता येत नाही. समोरचे गुलाबचंद कापडवाले उद्या माल भरायला पुण्याला येताहेत, त्यांच्या हाती हे देते आहे. तुमचं वाचून होईपर्यंत समोरून हलायचं नाही, असं त्यांना बजावलं आहे. त्यांना तेवढा चहा द्या, बिनसाखरेचा.

शौनक जगातले सामाजिक प्रश्न बारा-बारा मिनिटांच्या फिल्ममधून दाखवतो, त्या परदेशातल्या चॅनलवर लाखो लोक बघतात, हे तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यापासून माझा नेमच होता. संध्याकाळी देवापाशी दिवा लावायचा, चहा करायचा, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवायचा आणि एक फिल्म बघायची. आज समुद्रात बुडत चाललेलं बेट, उद्या खाणीत उतरणारी लेकरं, परवा कुठल्याशा थंड देशात एकेकटे मरणारे म्हातारे. चहाच्या कपागणिक एक खंड. बोलिव्हियाच्या डोंगरातल्या एका आजीसाठी तर मी इतकी रडले की गॅसवरचं दूध उतू गेलं. (आपल्या मागच्या गल्लीतल्या हरिचंद मास्तरांची बायको गेली ते मात्र मला दहाव्याला कळलं. पण बोलिव्हियातल्या त्या आजीच्या मेंढ्या किती, हे मला पाठ होतं.) तर सांगायचं म्हणजे, असल्या फिल्मांशी माझं वैर नव्हतं. मी त्यांच्यावर देवाच्या पोथीसारखा विश्वास ठेवत होते. म्हणूनच आता अंगाची आग होते.

डिसेंबरात शौनक कॅमेरा घेऊन माझ्या दारात उतरला. दाढी वाढलेली, खांद्याला दोन पिशव्या, पायात डोंगर चढायचे बूट. (औंढ्यात चढायला माझा जिना तेवढा आहे.) म्हणाला, "आत्या, मराठवाड्यातल्या पाणीटंचाईवर करायचंय." मी म्हटलं, कर बाबा, पण या वर्षी पाऊस चांगला झालाय. मी स्वतः त्याला सिद्धेश्वरचं धरण दाखवायला नेलं. दादा, काठोकाठ भरलेलं धरण बघून इतकं उतरलेलं तोंड मी आजवर कुणाचं पाहिलं नव्हतं. जणू सुतकातच आला. मला विचारतो, "आसपास एखादं कोरडं गाव नसेल का?" मी म्हटलं, थांब, मे महिन्यात ये, हवं तेवढं कोरडं दाखवते. तर म्हणे, मे महिन्यात त्याला पेरूला जायचंय.

पाणी मिळालं, म्हणून प्रश्न हुकला. मग त्यानं घरातच प्रश्न शोधायला घेतला आणि त्याला मी सापडले. "एकाकी वार्धक्य" असं त्यानं माझं नाव ठेवलं. माझा फ्रिज चौकटीत येतो म्हणून त्याच्यावर चादर टाकली. मी नेसलेली इरकल काढायला लावून ट्रंकेतली विटकी साडी नेसायला लावली. मग म्हणाला, "आत्या, खिडकीत बस आणि दूर कुठंतरी बघ." दूर काय बघू? समोर गुलाबचंदचं दुकान. त्यांना वाटलं मला काही हवंय, त्यांनी तिथूनच परकराचं कापड उलगडून दाखवलं. शौनक म्हणतो, "आत्या, हसू नकोस ना, तू एकटी आहेस." तेवढ्यात शेजारच्या बाई वाटीभर विरजण मागायला आल्या, त्यांच्या मागून त्यांची सून आली, तिच्या मागून मांजर. एकाकीपणाला बसायला जागा उरली नाही. शेवटी त्यानं तो नाद सोडला. तेव्हाच मी त्याला पुण्याच्या गाडीत बसवून द्यायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी शिरडला लग्न होतं आणि मला वाटलं, पोरगं चार घास गोडाचे खाईल.

आपलं शिरड शहापूरचं रान बटईनं करणारे माणिकराव तुम्हाला आठवत असतील. नसतील तर त्यांची हळद आठवा, वहिनी दरवर्षी डबा भरून मागवतात. त्यांची बायको मंजुळाबाई, म्हातारी आई शकुबाई, आणि दोन मुली. थोरली पुजा पंचविशीची, नांदेडला दवाखान्यात नर्स आहे. नवरा तिनं स्वतः पसंत केला आणि मंडपवाल्याशी घासाघीसही स्वतःच केली. धाकटी पुनम तेरा वर्षांची, आठवीत आहे. दर रविवारी एसटीनं माझ्याकडं इंग्रजी शिकायला येते. चुणचुणीत आहे, उलट बोलते, आणि सिस्टर मला जे शिकवू शकल्या नाहीत ते "थँक यू" मनापासून म्हणते. लग्न पुजाचं होतं. हे वाक्य पुन्हा लिहिते, कारण सगळं रामायण त्यात आहे. लग्न पुजाचं होतं.

पुनम करवली होती. करवली म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. नवरीच्या पाठीशी करा-दिवा धरून उभी राहणारी धाकटी बहीण. नवरीच्या खालोखाल मान तिचा. नवा शालू, कोपरापर्यंत बांगड्या, केसांत गजरे, आणि आदल्या दिवशीच्या उष्ट्या हळदीनं पिवळं झालेलं तोंड. शौनक उशिरा उठला, मंगलाष्टकं सुरू झाल्यावर पोचला आणि त्याच्या कॅमेऱ्याला दिव्याच्या उजेडात काय दिसलं? तेरा वर्षांची पोर, शालू, हळद. पुढं उभी असलेली खरी नवरी त्याला दिसलीच नाही, कारण ती फोटोग्राफरला "माझी डावी बाजू घ्या" असं सांगत होती. आता आपल्याकडं नवरी पहिल्यांदा सासरी जाते ती एकटी जात नाही, पाठराखीण म्हणून धाकटं कुणी सोबत जातं. तीही पुनमच. पुनमला गाडी लागते. आणि तिला बसवलं सगळ्यात मागं, रुखवताच्या भांड्यांशेजारी. लेकरू रडत होतं ते पोटात ढवळत होतं म्हणून, आणि नव्या शालूवर उलटी होईल या भीतीनं. मी स्वतः खिडकीतून हात घालून तिला लिंबू दिलं आणि डोकं दाबून खाली बसवलं, की वारं लागू नये. शौनकनं तो हातही टिपला.

जानेवारीत फिल्म आली. तुम्हीच ती आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलीत, वर "अभिमानाचा क्षण" असं लिहून आणि खाली हात जोडल्याची पाच चित्रं लावून. तुम्ही ती पाहिलीत का, दादा, की नुसतीच पुढं ढकललीत? सुरुवातीला एक उदास बासरी आहे. (त्या दिवशी शिरडात बासरी नव्हती. बँड होता आणि तो काय वाजवत होता ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) मग एक भारदस्त इंग्रजी आवाज सांगतो की जगात अजूनही असंख्य मुलींचं बालपण लग्नाच्या मांडवात संपतं. "संपतं" म्हणताना पुनमचं तोंड. मग दिवा. मग गाडी, अश्रू, आणि खिडकीतून आत जाऊन पोरीचं डोकं खाली दाबणारा एक सुरकुतलेला हात. त्या हाताखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचा. एका बाईनं ब्राझीलहून लिहिलंय की असे हात तोडले पाहिजेत. तो हात माझा आहे! त्यात आईची पाटली आहे, जी तुम्ही लहानपणापासून बघत आलात. जगाला ओळखू आली नाही हे समजू शकते, तुम्हाला आली नाही? आणि मागं आला होतात तेव्हा पुनमनं तुम्हाला शिरडच्या ओसरीवर तांब्याभर पाणी आणून दिलं होतं, तिचं तोंडही ओळखू आलं नाही? पुजा तर अख्ख्या फिल्ममध्ये कुठंच नाही. स्वतःच्या लग्नातून नवरीच काढून टाकलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

मी शौनकला फोन लावला. मला वाटलं पोराची चूक झाली असेल, करवली म्हणजे काय ते आताच्या मुलांना कळत नसेल, सांगितलं की कान धरेल. तर म्हणतो, "आत्या, ती नवरी नाही हे मला माहीत होतं. पण फिल्ममध्ये कुठंच म्हटलेलं नाही की ही नवरी आहे. नीट ऐक. आम्ही आकडे सांगितले आणि दृश्य दाखवलं. ती पुनम म्हणून नाहीच तिथं, ती प्रातिनिधिक आहे." दादा, मी ते पुन्हा बघितलं आणि ऐकलं. त्याचं खरं आहे. कुठंही एक शब्द खोटा नाही. फक्त दुसऱ्यांचं दुःख सांगताना तोंड पुनमचं दाखवलंय. मी त्याला म्हटलं, मग तुझंच दाखवायचंस की, तूही माणसांपैकीच आहेस. तर म्हणतो, "आत्या, तू भावनिक होतेस." भावनिक! हिंगोलीच्या एक्स्चेंजात मी तीस वर्षं हेडफोन लावून बसले. मरणाच्या बातम्या, मोडलेली लग्नं, पळून गेलेल्या पोरी, सगळ्या जिल्ह्याचं रडणं या दोन कानांतून गेलं. कॉल जोडायचा आणि लाइन सोडायची. कानावर पडलेलं दुःख कानातच ठेवायचं, ते काढून दुसरीकडं वापरायचं नाही, हे आम्हाला सांगावंसुद्धा लागत नव्हतं. यांना बक्षिसं मिळतात.

(त्या दिवसापासून माझ्या चहाचीही चव गेली. ती बोलिव्हियातली आजी. ती का रडत होती? मेंढ्या मेल्या म्हणून, की डोळ्यांत केर गेला होता म्हणून? तिलाही कुणी भाचा होता का? मला आता कुणासाठी रडायचं ते समजत नाही, आणि या वयात एवढंच एक काम बिनतक्रार जमत होतं.)

आता पुढचं ऐका, कारण रागाचं खरं कारण इथून सुरू होतं. फिल्म इंग्रजीत होती तोवर शिरडला पत्ता नव्हता. मग कुणीतरी तिच्यावर मराठीत "हिंगोली जिल्ह्यातील धक्कादायक प्रकार" असं लिहून फिरवली. दोन दिवसांत चौकशीला जीप आली. माणिकरावांनी थोरलीचे कागद दाखवले, धाकटीला शाळेच्या कपड्यांत समोर उभी केली, साहेबांनी चहा घेतला आणि जीप गेली. चौकशी गेली, पण बोलणं राहिलं. शाळेत पोरी पुनमला "नवरीबाई" म्हणायला लागल्या. डब्याच्या सुट्टीत कुणी विचारलं, "नवरा काय करतो गं?" तिनं एकीच्या झिंज्या उपटल्या (माझी शिष्या आहे), मग दोघींच्या, आणि मग एक दिवस ती शाळेत गेलीच नाही. रविवारी माझ्याकडंही आली नाही.

मी एसटी पकडून शिरडला गेले. ओसरीवर शकुबाई बसल्या होत्या. त्यांनी मला काय सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत ऐका: "अनुसयाबाई, जगानं पोरीला नवरी केलंच हाय, आता आमी न्हाई म्हणून काय व्हणार? उद्या कोण करून घेईल तिला? भावकीतल्या जळबानं साखरा गावचं ठिकाण आणलंय. पोरगं चांगलं हाय, पंधरा एकर हाय. बराबर हाय आमच्या."

मी म्हटलं, तेरा वर्षांच्या लेकराचं लग्न? तुरुंगात जाल, शकुबाई.

"काहून वरडून राहिल्या? लगीन कोण करून राहिलं? आत्ता नुसता साखरपुडा. लगीन अठराला."

हे "आत्ता साखरपुडा, लगीन अठराला" म्हणजे काय, ते तुम्ही पुण्यात राहून विसरला असाल. आम्ही इथं राहतो. साखरपुडा झाला की शाळेत कशाला, मग सासूची तब्येत बरी नाही, मग शेतात हात कमी पडतात, आणि एक दिवस दार लावून आतल्या खोलीत अक्षता. बालविवाह होत नाहीत असं मी म्हणत नाही, दादा. होतात. माझ्यासमोर बसून एबीसीडी शिकलेल्या पोरी अशा गेल्या आहेत. पण ते मांडव घालून, बँड लावून, फोनवाल्या बाईला पत्रिका देऊन होत नाहीत. त्यांना करवलीसुद्धा नसते. शौनकला खरं दाखवायचं होतं तर त्यानं बंद दारं शोधायची होती. त्यानं उघडा मांडव शोधला, कारण तिथं जेवण होतं.

माणिकराव खांबाला टेकून उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं तर ते बैलाकडं बघायला लागले. "आई म्हणती तर..." एवढंच बोलले. मंजुळाबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवताना नुसतं माझं बोट दाबलं. मग मी साहेबांना फोन लावला, तेच जीपवाले. म्हटलं, आता या, आता खरंच होऊन राहिलंय. (मीही बोलायला लागले तसं.) तर साहेब काय म्हणतात? "मॅडम, त्या घराची चौकशी झाली आहे. खोटी तक्रार निघाली. फाईल बंद आहे." वाघ आला रे आला, म्हणून ओरडला शौनक, आणि वाघ खरा आला तेव्हा पुनम उभी आहे. बालविवाहाच्या विरोधातल्या फिल्मनं एक बालविवाह जवळपास ठरवून दिला आहे. यापेक्षा परिणामकारक फिल्म त्या चॅनलनं जगात कुठं काढली असेल तर मला कळवा.

परवा मंजुळाबाई सकाळच्या गाडीनं पुनमला घेऊन माझ्याकडं आल्या. घरी "बाईंना बरं न्हाई" असं सांगून आल्या होत्या. (त्यात खोटं काही नाही.) पिशवीत दोन ड्रेस आणि आठवीची पुस्तकं. म्हणाल्या, "बाई, ठिवा तुमच्यापाशी. मला घरात बोलता येत न्हाई, तुमाला येतं." आणि आल्या गाडीनं परत गेल्या. पुनम माझ्याकडं आहे. जेवते, भांडी आपटते, आणि मोबाईल वाजला की दचकते. माझं बोलणं तिकडं कुणी ऐकत नाही आणि इकडं ऐकायला तुम्ही नाही. म्हणून हे पत्र. राग कागदावर उतरला, आता थोडं मोकळं वाटतं.

वहिनींना नमस्कार. खांद्याला तीळ. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, म्हणजे मला रागवायला कुणीतरी राहील.

तुमची,
अनुसूया

ता. क. शौनक चार दिवस फोन उचलत नाही म्हणून वहिनी काळजीत असतील. तो सुखरूप आहे. तो माझ्याकडं आहे. फिल्म इतकी चालली की चॅनलला आता "त्या मुलीचं पुढं काय झालं" हवं आहे, म्हणून शनिवारी कॅमेरा घेऊन परत आला. मी त्याला सगळं सांगितलं. साखरपुडा, शाळा, सगळं. तो ऐकता ऐकता उठून उभा राहिला, डोळे चमकले, आणि म्हणाला, "आत्या, ही तर पहिल्यापेक्षा मोठी स्टोरी आहे!" त्यानंतर काय झालं ते सविस्तर लिहीत नाही. कॅमेरा माझ्या ज्वारीच्या कोठीत आहे आणि कोठीची किल्ली माझ्या कमरेला आहे.

ता. क. दुसरा. पोरगं मुळात वाईट नाही, हेही सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी पुनम त्याच्या समोर ताटावर बसली आणि तिनं त्याला विचारलं, "दादा, मी काय केलं होतं?" तो अर्ध्या ताटावरून उठला. त्यानं चॅनलला मेल पाठवली, फिल्म काढा म्हणून. तिकडून उत्तर आलं की यावर चर्चा करू. (आमचं खातंही असंच म्हणायचं, आणि मग लाइन वर्षभर बंद.) मग तो आपण होऊन शिरडला गेला, शकुबाईंच्या पाया पडला, शाळेत प्रार्थनेच्या वेळी उभा राहून सगळ्या पोरांसमोर सांगितलं की नवरी पुजा होती, चूक माझी आहे. पोरींची तोंडं बंद झाली, एवढं काम चांगलं झालं. सध्या माणिकरावांकडं हळद शिजवायला मजूर कमी आहेत, तर तिथं राबतो आहे. मी म्हटलं, इथं फुकट जेवण नाही.

ता. क. तिसरा. काल मी पुनमला घेऊन शिरडच्या रानात गेले, तिथं तिनं माझ्या मोबाईलवर एक फिल्म काढली आहे. बारा मिनिटांची. पाठीमागचं इंग्रजी बोलणं माझं आहे, सिस्टरांनी शिकवलेल्या उच्चारांत. मी एवढंच म्हटलंय की आपल्या देशात कितीतरी तरुण आईवडिलांना न कळवता लग्न उरकतात. त्यावेळी दिसतो तो शौनक: हात कोपरापर्यंत हळदीनं पिवळे, कपाळाला हळद, कढईच्या धुरानं डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि शेवटी टेम्पोत मागं बसून चाललेला, शेजारी गुलाबी साडीतली एक पोरगी. (ती मजूर आहे. तिला पुढच्या थांब्यावर उतरायचं होतं.) एक शब्द खोटा नाही. सगळं प्रातिनिधिक आहे. फिल्म करताना पुनम महिन्याभरात पहिल्यांदा हसली, इतकी की मोबाईल हलला. तो हललेला भाग मी ठेवला आहे.

ता. क. शेवटचा, आणि खरं म्हणजे मी एवढ्यासाठीच लिहायला बसले होते. शकुबाई शौनकला म्हणाल्या, "तू लेकरू हायेस. तुझ्या बापाला धाड." तुम्ही त्यांचे मानलेले भाऊ. इतकी वर्षं दिवाळीला त्यांची साडीचोळी जाते ती तुमच्या नावानं. (निवडते मी, ते सोडा.) आमचं कुणाचं त्या ऐकणार नाहीत. पण "माझ्या भावानं ओसरीवर बसून न्हाई म्हणलं तर साखऱ्याचं मोडीन, पोरीला शिकू दीन," असं त्यांनी चारचौघांत बोलून ठेवलंय, आणि शकुबाई बोललेलं फिरवत नाहीत. मी आयुष्यभर कुठल्या बाप्याच्या शब्दावाचून अडले नाही, आणि आज तुमच्या एका "नाही"साठी चार पानं लिहिते आहे, याचा राग वेगळाच. साखऱ्याची माणसं रविवारी येणार आहेत. तुम्ही शनिवारी या. हिवाळा संपू दे, मग येतो, असं तुम्ही दरवर्षी म्हणता. हिवाळा संपला. पांढरं धोतर आणा, शकुबाईंना पँटमधला भाऊ ओळखू येत नाही. पुनम म्हणते, ते आजोबा आले तर मी त्यांना पुन्हा पाणी देईन, पण या वेळी त्यांनी तोंडाकडं बघून प्यायचं.

तिनं मला हेही विचारलं की शौनकदादावरची ही फिल्म ग्रुपवर टाकायची का. मी नाही म्हटलं. दुसऱ्याच्या बोलण्याखाली कुणाचं तोंड लावू नये, हे तिला कळलंय, ते तसंच राहावं. तेव्हा फिल्म माझ्याच मोबाईलमध्ये आहे, वहिनींच्या नावासमोर, पाठवायला तयार करून ठेवलेली. शनिवारी संध्याकाळपर्यंत तुम्ही माझ्या दारात दिसलात तर ती पुसून टाकीन. नाही दिसलात, तर दादा, या वयात अंगठा थरथरतो. त्याची खात्री मी देत नाही.